आधी प्रश्न, मग पीएचडी



या सदरात नर्सिंगपासून सी.ए.पर्यंत बरेच अभ्यासक्रम येऊन गेले. या वेळचा विषय एका आईच्या पत्राने ठरवला. मुलगी राज्यशास्त्रात एम.ए. झाली आहे, गुणही चांगले आहेत. आता तिला ‘पब्लिक पॉलिसी’मध्ये पीएचडी करायची आहे. आई लिहितात, ‘पॉलिसी म्हटले की आमच्या घरात एलआयसीच आठवते. ही कसली पॉलिसी? आणखी पाच वर्षे शिकून हिला काय मिळणार? पैसे कोण देणार? आणि तोवर हिचे वय किती होईल, तेही तुम्हीच सांगा.’

चारही प्रश्न रास्त आहेत आणि चारही उत्तरे सरळ देता येण्याजोगी आहेत. पहिल्यावर मात्र जरा जास्त वेळ थांबते, कारण ते नीट कळले तर बाकीची सोपी होतात.

सार्वजनिक धोरण म्हणजे सरकार लोकांसाठी जे नियम करते, ज्या योजना आखते आणि त्यावर जो पैसा खर्च करते, ते सगळे. रेशन कोणाला, शाळा किती अंतरावर, शिष्यवृत्ती कोणत्या इयत्तेपासून, पाण्याची पट्टी किती. या विषयाचा अभ्यासक विचारतो की हा नियम कोणासाठी केला, पैसा कुठून आला, तो पोहोचला का, आणि नियमामुळे लोक कसे वागू लागले. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतली एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. बैतुलमालमधून मुलांना वजीफा मिळू लागला होता, पण दूध सुटलेल्या मुलांनाच. एका रात्री मदिनेजवळ उतरलेल्या काफिल्यात एक तान्हे मूल सारखे रडत होते. खलीफांनी आईला पुन्हापुन्हा जाऊन विचारले. आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, उमर दूध पिणाऱ्या मुलाला वजीफा देत नाहीत, म्हणून मी याचे दूध लवकर तोडते आहे. फज्रनंतर हुकूम निघाला की यापुढे मुलाला जन्मापासूनच वजीफा मिळेल.

ही गोष्ट आपण खलीफांच्या खुदाभीतीसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण धोरणाच्या विद्यार्थ्याने ती ऐकली तर त्याला आणखी काही दिसेल. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. तरी त्या नियमानेच आईला घाई करायला लावली आणि त्याचा त्रास ज्याच्यासाठी पैसा होता त्या बाळालाच झाला. हे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहिले, कारण शोधले, आणि नियमातला नेमका तेवढाच शब्द बदलला. पब्लिक पॉलिसीतली पीएचडी याहून फार वेगळी नसते. फरक इतकाच की आज एका माणसाने रात्री फिरून बारा कोटींचे राज्य कळत नाही. हजारो घरांची मोजणी करावी लागते, हिशेब मांडावा लागतो, आणि तो अशा रीतीने लिहावा लागतो की मंत्रालयात किंवा कोर्टात कोणी त्याला खोटे म्हणू नये.

आमच्या शाळांच्या जगातले उदाहरण घेते. शिक्षणहक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असायला हवी. नववीपासून पुढे हा कायदा काही बोलत नाही. आता एखाद्या खेड्यातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा पाहा. ती चौथीला संपते, कुठे सातवीला, कुठे आठवीला. पुढचे उर्दू हायस्कूल तालुक्याच्या गावी. मुलीपुढे तीन वाटा असतात. गावातल्या मराठी शाळेत जायचे, रोज प्रवास करायचा, नाहीतर घरी बसायचे. प्रवासासाठी शासनाची अहिल्याबाई होळकर योजना आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. कागदावर प्रश्न सुटलेला आहे. तरी मुली गळतात. का?

प्रत्येक शिक्षकाकडे याचे उत्तर तयार असते. एक म्हणतो पालकांची मानसिकता, दुसरा म्हणतो गरिबी, तिसरा म्हणतो शिक्षकांची पदे रिकामी. आमचे हे उत्तर एका शाळेपुरते असते आणि शासनाला ते पूर्ण जिल्ह्याचे लागते. संशोधक काय करील? आम्ही दरवर्षी घाम गाळून जी यू-डायसची माहिती भरतो, ती घेईल. त्यातून उर्दू माध्यमाच्या सगळ्या शाळा आणि त्यांची शेवटची इयत्ता काढील. एका शाळेपासून पुढच्या शाळेचे अंतर नकाशावर मोजील, आगाराचे वेळापत्रक मागवील. मग पंचवीस-तीस गावांत जाऊन, शिकणाऱ्या मुलींना आणि घरी बसलेल्या मुलींनाही भेटेल. हे दुसरे आम्हा शिक्षकांकडून क्वचितच होते. कदाचित असे निघेल की अंतराचा दोष नव्हता. शाळा दुपारच्या सत्रात भरते आणि शेवटची एसटी शाळा सुटण्याआधी निघून जाते, एवढेच कारण होते. तसे असेल तर उपाय एका सत्राच्या बदलाचा, खर्च जवळजवळ शून्य. कदाचित उलटही निघेल की बस वेळेवर आहे, रस्ता आहे, आणि तरी आपणच मुलींना पाठवत नाही. संशोधनाला बसताना हे दुसरे उत्तर ऐकण्याचीही तयारी हवी. आकडा नेहमी आपल्या बाजूनेच येईल असे नाही. वक्फच्या जमिनींचा कारभार, जहेज, मुलींची लवकर होणारी लग्ने, या विषयांत तर तो आपल्याला नक्की बोचेल.

मोजणी केल्याने काय होते ते सच्चर समितीने दाखवले. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली 2005 मध्ये ती नेमली गेली आणि 2006 च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल संसदेत आला. समितीचे सदस्य-सचिव डॉ. अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ. त्याआधी चहाच्या टपरीवरही कोणी सांगे की मुसलमानांची मुले मदरशातच जातात. अहवालाने हिशेब मांडला. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी साधारण 3 टक्के. दुसरीकडे 6 ते 14 वयाच्या मुलांत चारातले एक मूल शाळेत कधी गेलेच नव्हते किंवा मध्येच सुटले होते. म्हणजे वाद ज्यावर चालला होता ती गोष्ट लहान होती, आणि जी मोठी होती तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हते.

महाराष्ट्रात 2008 मध्ये डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली गेली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. पुढच्या वर्षी राज्य शासनाने अध्यादेश काढून मुस्लिमांमधील मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र चालू ठेवले. पुढे अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. ती राजकारणाची कथा झाली, तिच्यात आज शिरत नाही. पण कोर्टात भावना चालत नाहीत, तिथे माहिती मागतात. ती माहिती गोळा करायला आणि तपासायला शिकलेली माणसे आपल्यात किती आहेत, हे आपण स्वतःला विचारावे.

धोरणाची पीएचडी हे आपल्या मातीला नवेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा तिथला प्रबंध होता ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, म्हणजे केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत आली यावर. तो 1925 मध्ये पुस्तकरूपाने निघाला. लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. 1925 मध्येच ते चलनावरच्या शाही आयोगापुढे साक्ष द्यायला उभे राहिले. दुसरे नाव डॉ. झाकिर हुसैन. बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते 1926 मध्ये परतले आणि ऐन तिशीच्या आत डबघाईला आलेली जामिया मिल्लिया सांभाळायला बसले. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांना दिले गेले. पुढे ते राष्ट्रपती झाले, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्या उर्दू शाळांना त्यांचे नावही मोठ्या प्रेमाने दिलेले असते. वर्ध्याचा अहवाल मात्र त्या शाळांतही फारसा कोणी उघडत नाही.

आता व्यवहाराकडे वळू.

पीएचडीचे देशभराचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये नव्याने केले. कोणत्याही विषयातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी हवी. ओबीसी नॉन-क्रीमीलेयर, आर्थिक दुर्बल, अनुसूचित आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 5 टक्क्यांची सूट. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी केलेल्यालाही थेट प्रवेश घेता येतो. एम.फिल. बंद झाले, त्यामागे लागू नये. मुदत कमीत कमी 3 वर्षे, जास्तीत जास्त 6, आणि स्त्रियांना आणखी 2 वर्षांची सवलत. संशोधनाच्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजाही मिळते. नोकरी करणाऱ्यांना कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करता येते, शिक्षक बंधू-भगिनींनी हे लक्षात ठेवावे. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन केलेली पीएचडी मात्र आयोग मानत नाही. ‘घरबसल्या पीएचडी, सर्व काही आम्ही करू’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा.

सुरुवातीला कोर्सवर्क असते. त्यात संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र येते, आणि आपल्याकडची कलाशाखेची मुले इथेच घाबरतात. घाबरण्याइतके ते अवघड नाही, पण एम.ए. करतानाच एक्सेल आणि थोडे संख्याशास्त्र शिकून ठेवलेले बरे. मग आराखडा, माहिती गोळा करणे, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे हजेरी, प्रबंध आणि शेवटी व्हायवा.

कुठे करावी? विभागाच्या पाटीवर ‘पब्लिक पॉलिसी’ लिहिलेले असेलच असे नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीत धोरण अभ्यासाचे अशांक देसाई केंद्र आहे, तिथे इंजिनिअर आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी एका वर्गात बसतात. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासूनची. तिच्या शेजारीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. आरोग्य, पोषण, लग्नाचे वय अशा विषयांसाठी याहून चांगली जागा नाही. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आता मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने ओळखला जातो. पुण्यात 1930 पासूनची गोखले संस्था. राज्याबाहेर बेंगळुरूचे आयआयएम आणि राष्ट्रीय विधि विद्यालय, अहमदाबादचे आयआयएम, दिल्लीच्या आयआयटीतले स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसी. आयआयएममध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, उलट दरमहा विद्यावेतन देतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. एमबीएच्या फीचे आकडे ऐकून आपण त्या दरवाज्याकडे बघतही नाही.

औरंगाबाद, नांदेड, जळगाव, सोलापूर या आपल्या जवळच्या विद्यापीठांतही राज्यशास्त्र, लोकप्रशासन, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांत धोरणावरचा प्रबंध करता येतो. घराजवळ राहायचे असेल तर ही वाट वाईट नाही, पण मार्गदर्शक पारखून घ्यावा. त्यांच्या हाताखाली गेल्या काही वर्षांत किती विद्यार्थी पूर्ण झाले, कोणत्या विषयावर, आणि ते आज काय करतात, एवढे विचारावे. मोठ्या संस्थेतल्या उदासीन मार्गदर्शकापेक्षा लहान विद्यापीठातला मनापासून वाचणारा मार्गदर्शक कधीही चांगला.

परदेशाबद्दल दोनच गोष्टी. अमेरिकेत हार्वर्ड, मिशिगन, कार्नेगी मेलन अशा विद्यापीठांत धोरणाची पीएचडी साधारण पाच वर्षांची असते आणि प्रवेश मिळाला तर बहुतेक वेळा फी माफ होऊन वर निर्वाहाचा पैसाही मिळतो. ब्रिटनमध्ये ती तीन-चार वर्षांत होते, पण प्रवेशासोबत पैसा येतोच असे नाही. पैशाविना आलेले प्रवेशपत्र कितीही मोठ्या विद्यापीठाचे असले तरी घरी ठेवून द्यावे.

यावरून आईंचा तिसरा प्रश्न, पैशाचा. माझे मत स्पष्ट आहे. पीएचडीसाठी कर्ज काढू नये. आपल्या घरांत व्याजाचा प्रश्न असतोच, पण तो बाजूला ठेवला तरी हे शिक्षण असे आहे की यात शिकणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. यूजीसी-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. वयाची मर्यादा 30 वर्षे; ओबीसी नॉन-क्रीमीलेयरला आणि सर्व स्त्रियांना 5 वर्षांची सूट, म्हणजे मुलीला 35 पर्यंत संधी आहे. 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेशही होतो. जेआरएफ हुकली तरी प्रवेशासाठी गुण चालतात, त्यात 70 टक्के वजन परीक्षेला आणि 30 टक्के मुलाखतीला. नेटमध्ये ‘पब्लिक पॉलिसी’ असा वेगळा पेपर नाही. लोकप्रशासन, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी आपला विषय घ्यावा. काही विद्यापीठे स्वतःची ‘पेट’ही घेतात.

मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपबद्दल मला अजून विचारणा होते. ती 2009 मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली होती, जेआरएफइतकीच रक्कम मिळायची आणि आपल्या कितीतरी मुलामुलींची पीएचडी तिच्यावर झाली. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की 2022-23 पासून ती बंद करण्यात येत आहे, कारण इतर योजनांशी ती मिळतीजुळती आहे. त्याच वर्षी अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी थांबली आणि नववी-दहावीपुरती राहिली. वर्षाला हजार रुपयांसाठी उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे आधार जोडता जोडता आम्ही शिक्षक आणि पालक दोघेही थकायचो, हे खरे. तरी त्या हजार रुपयांत दप्तर आणि वह्या येत होत्या. ते बंद झाल्यावर किती मुलांच्या शाळेवर परिणाम झाला? पाहा, हाही एका पीएचडीचा प्रश्न आहे, आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे निघाले तरी ते मोजून निघालेले असेल.

मौलाना आझाद फेलोशिप गेली म्हणून दार बंद झाले असे समजू नका. मोमीन-अन्सारी, पिंजारी, मन्यार, तांबोळी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. नागपूरची महाज्योती ही संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या संशोधकांना फेलोशिप देते. केंद्राची ओबीसींसाठी वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिला केंद्राच्या यादीतले नाव लागते. जातीचा दाखला काढायला आपल्यात संकोच करतात, ‘आपल्यात कुठे जात असते’ म्हणतात. दीनच्या दृष्टीने बरोबरच आहे, पण हा दाखला सरकारी हक्काचा कागद आहे आणि तो न काढल्याने मुलीचे नुकसान होते. याशिवाय भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल फेलोशिप सर्वांसाठी खुल्या असतात. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था काढायला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आणि फेलोशिप कोणतीही असो, तिचा हप्ता वेळेवर येईलच असे धरून घराचा हिशेब करू नये. पाच-सहा महिने थकबाकी राहिली तर चालेल एवढी तयारी घरात असावी.

आता पुढे काय मिळणार?

पहिली वाट प्राध्यापकीची. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 रुपयांपासून सुरू होतो, पीएचडी असली तर पुढच्या बढतीत तिचा उपयोग होतो. नेट किंवा सेटही करून ठेवलेली बरी. पण आपल्या राज्यातली स्थिती लपवून उपयोग नाही. कायम पदांची भरती वर्षानुवर्षे अडते आणि पीएचडी, नेट दोन्ही असलेली माणसे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवतात. फक्त या एका नोकरीच्या आशेवर पाच वर्षे घालवू नयेत, असे मी म्हणेन.

धोरणाच्या पीएचडीला इतर दारे जास्त आहेत, म्हणूनच हा विषय आज घेतला. दिल्लीतल्या एनसीएईआर, एनआयपीएफपी, सीएसडीएस अशा संशोधन संस्था आहेत. राज्य शासनाने नीति आयोगाच्या धर्तीवर 2022 मध्ये ‘मित्रा’ ही संस्था काढली. पुण्याची यशदा सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. रिझर्व्ह बँकेत संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची वेगळी भरती होते, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राची बाजू असेल तर तिथे जाता येते आणि पीएचडीधारकाला वयात सूटही मिळते. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी आम्हा शिक्षकांच्या चांगलीच ओळखीची. आमची मुले दुसरीचा परिच्छेद वाचू शकतात का, ते दारोदार जाऊन तपासणारी. अशा पाहण्या आखणे आणि त्यांचे निष्कर्ष काढणे हा आता पूर्णवेळ पेशा आहे. युनिसेफ, जागतिक बँक, मोठ्या कंपन्यांचे सीएसआर विभाग यांनाही योजनेचा परिणाम मोजणारी माणसे लागतात. यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, दोन-तीन वर्षांच्या. सरकारी नोकरीची शाश्वती ज्यांना हवी आहे, त्यांना हे पचायला जड जाते.

यूपीएससीसाठी पीएचडी लागत नाही. कलेक्टर व्हायचे असेल तर सरळ त्या परीक्षेची तयारी करावी. अटेम्प्ट संपेपर्यंत बसायला जागा म्हणून पीएचडीत नाव घालणारे पुष्कळ दिसतात आणि त्यांचे दोन्हीही अर्धवट राहते. नावाआधी ‘डॉ.’ लागावे, निकाहच्या पत्रिकेत छापता यावे, हेही कारण पुरेसे नाही. चौथ्या वर्षी, माहिती जुळत नसताना आणि मार्गदर्शक प्रकरण परत पाठवत असताना, असल्या कारणाने माणूस टिकत नाही.

आपल्या मुलींची एक जमेची बाजू मात्र आहे आणि ती त्यांना कोणी सांगत नाही. शासन निर्णय मराठीत निघतात. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर, मुंब्र्याच्या चाळीत बायका बोलतात उर्दूत, दखनीत. प्रबंध लिहायचा इंग्रजीत. जिला तिन्ही येतात ती जे ऐकू शकते ते दिल्लीहून आलेल्या संशोधकाला दुभाषा घेऊनही ऐकू येत नाही. इंग्रजी कच्चे असेल तर दोन वर्षे मेहनत करून सुधारता येते, घराघरातला विश्वास असा मिळवता येत नाही. अर्थात आपल्या मुलांनी मुस्लिमांवरच संशोधन करावे असे अजिबात नाही. पीक विमा, एसटीचा तोटा, शहरातले पाणी, हे विषयही आपलेच आहेत.

चौथा प्रश्न वयाचा. एम.ए. तेवीसव्या वर्षी झाले असेल तर पीएचडी अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी होते. निकाह आणि पीएचडी यांत एकच निवडायचे, असे कोणत्याही नियमात नाही. मघाशी सांगितलेली जादा दोन वर्षे आणि रजा त्याचसाठी आहेत. अडचण नियमाची नसते, ठरवताना न बोलण्याची असते. स्थळ पाहताना ‘मुलीचे शिक्षण चालू आहे’ एवढे मोघम सांगून चालत नाही. तिला गावोगाव माहिती गोळा करायला जावे लागेल, लग्नानंतरही दोन वर्षे विद्यापीठात जावे लागेल, हे निकाहआधी दोन्ही घरांत स्पष्ट बोललेले असावे. निकाहनाम्यात अशी अट लिहून घेता येते, आणि ती लिहून घेण्यात कमीपणा मानू नये. मुलांच्या बाबतीतही हेच. पाच वर्षे फेलोशिपवर राहणाऱ्या मुलाकडून घर चालवण्याची अपेक्षा असेल तर ती आधी बोलून घ्यावी.

मन अजून पक्के होत नसेल तर आधी एक वर्ष काम करून पाहावे. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये 21 ते 26 वयाच्या पदवीधरांना शासनाच्या कार्यालयात काम करायला मिळते. दिल्लीत पीआरएस संस्थेच्या लॅम्प फेलोशिपमध्ये 25 वर्षांपर्यंतचे पदवीधर एका खासदारासोबत संसदेचे काम पाहतात. फाइल कशी हलते आणि कशी हलत नाही, ते तिथे कळते.

पत्र लिहिणाऱ्या आईंना माझे एवढेच सांगणे की मुलीला एका कागदावर आपला प्रश्न लिहायला सांगा, दोन ओळींत, तुम्हाला कळेल अशा भाषेत. ‘मुस्लिम महिलांचे सबलीकरण’ हा प्रश्न नाही, ते प्रकरणाचे नाव झाले. ‘आपल्या तालुक्यात उर्दू सातवीनंतर मुली कुठे जातात’ हा प्रश्न आहे. तो जमला की तीन-चार मार्गदर्शकांची प्रसिद्ध झालेली कामे वाचून त्यांना छोटा ईमेल लिहावा, आपला प्रश्न आणि त्यांच्या कामाशी त्याचा संबंध सांगून. सरसकट पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नये. नेट वर्षातून दोनदा, साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होते आणि अर्ज त्याआधी निघतात. ओबीसीत बसत असाल तर नॉन-क्रीमीलेयरचा दाखला त्याआधी हातात हवा. तो मुदतीचा असतो, जुना चालत नाही, आणि राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्याचे नमुने वेगळे असतात. तहसीलमध्ये अर्ज देताना दोन्ही मागून घ्या.